विडा तोडायचे दात

माझे समोरचे वरचे चार दात खोटे आहेत, हे माझ्या लग्नात भरल्या मांडवाला एकदम कळलं. तोवर ते फक्त पेडगावला माहीत होतं, म्हणजे माझ्या माहेरच्या गावाला. निदान मी तरी तसंच समजत होते.

दात गेले हापशावर. आमच्या गल्लीच्या टोकाला हापसा होता आणि त्याचा दांडा सैल झालेला. मी आठवीत असेन. कळशी भरली म्हणून खाली वाकले आणि हापसणाऱ्या पोरीनं दांडा सोडून दिला. तो उसळून थेट तोंडावर आला. दोन दात मातीत सापडले, दोन सापडलेच नाहीत. दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मातीतले दोन धुऊन खिशात घातले आणि मला परभणीला नेलं. कुणी सांगितलं, बाजारात एक दात बसवणारा आहे, एका बैठकीत काम करतो. दादांना तेच बरं वाटलं. पोरीच्या जातीला दवाखान्याच्या चकरा नकोत, चार माणसांना कळायला नको.

त्या माणसाच्या टेबलावर काचेच्या पेटीत दातांच्या ओळी मांडलेल्या होत्या. त्यानं वाटीत गुलाबी पावडर आणि उग्र वासाचं पाणी कालवलं, चार तयार दात त्यात रोवले आणि तो लगदा माझ्या हिरडीवर आणि दोन्ही बाजूंच्या चांगल्या दातांवर थापून दिला. तोंडात आग झाली. दादांनी माझा हात धरला होता आणि मी त्यांच्या मनगटाला नखं रुतवली होती. "मरेस्तोवर निघायचं न्हाई," असं तो दादांना म्हणाला. दातांखाली काय राहिलं, काय सडणार, हे त्याला माहीत नव्हतं आणि आम्ही विचारलं नाही.

मला पुढं सेलूला दिलं. कापसाच्या व्यापारातलं घर, दारात बैलगाड्या, नंतर टेम्पो. माझी सासू त्या घराची खरी मालक. लिहिताना मी तिला 'ती'च म्हणणार. तोंडावर जन्मभर 'तुमी' म्हणून झालंय.

आमच्याकडं लग्न लागल्यावर विडा तोडायचा खेळ असतो. नागवेलीच्या पानांची बोटभर लांब गुंडाळी करून तिला दोरा बांधतात. एक टोक नवरीनं दातांत धरायचं आणि दुसरं नवऱ्यानं दातांनीच तोडून घ्यायचं. विडा करायचा मान मुलाच्या आईचा. तोंडाला तोंड भिडतं, बायका ओरडतात, नवरी लाजते, एवढीच त्यातली मजा. मुलाच्या आईवडलांनी आधी तोडून दाखवायचा आणि मग नव्या जोडीनं, अशीही चाल आहे. सासू-सासऱ्यांनी लोकांच्या टाळ्यांत त्यांचा विडा तोडला. मग आमचा आला.

मला वाटलं, पहिल्या झटक्यात तुटेल. तो तुटेना. आत दगडासारखं काहीतरी टणक होतं आणि दोऱ्याचे वेढे संपत नव्हते. आमचे हे मान मागं टाकून ओढायला लागले, बैलानं दावं ओढावं तसे. मी हातानं खूण केली की थांबा. लोकांना वाटलं, नवरी लाजली. तेवढ्यात हिरडीत कळ गेली, कडकन आवाज झाला आणि माझे चार दात गुलाबी लगद्यासकट विड्याला चिकटून ह्यांच्या तोंडाशी लोंबायला लागले.

आधी कुणालाच समजलं नाही. मग एक पोरगी किंचाळली आणि सगळा मांडव हसला. मी तोंड मिटून उभी, आत रक्ताची चव. सासू उठली. तिनं ते दात विड्यावरून सोडवले, तांब्यातल्या पाण्यानं धुतले आणि सगळ्यांना दिसतील असे वर धरले.

"बघा गं बायांनो, पेडगावचा आहेर!" ती म्हणाली, आणि नुकत्याच भरलेल्या माझ्या ओटीत, खणावर, ते टाकले.

सासरे ओरडले की आमची फसवणूक झाली. दादांनी डोक्यावरची टोपी काढली आणि त्यांच्या पायावर ठेवली. "चूक झाली, पोटात घाला," एवढंच ते बोलले. मला त्या वेळी दात गेल्यापेक्षा त्यांची टोपी त्या पायांवर बघून जास्त लाज वाटली. आणि रागही आला, सासऱ्यांचा नाही, दादांचा. सांगून टाकायला काय झालं होतं? आधीच खरं सांगितलं असतं तर हे झालं नसतं, असं मी कित्येक वर्षं मनात घोकलं.

पुढची कहाणी तोंड दाबून बुक्क्यांच्या माराची. ह्यांनी मला त्याच बाजारात त्याच माणसाकडं नेलं. त्यानं तेच दात पुन्हा बसवले आणि या वेळी पक्कं व्हावं म्हणून लगदा आणखी दोन दातांवर चढवला. ते हललं की पुन्हा जायचं, पुन्हा लगदा वाढायचा. त्याच्याखाली माझे चांगले दात एकेक करून मेले. मी शाळेत शिकवत होते. एका हातात खडू आणि दुसऱ्या हातात पदर, तो तोंडावर. पोरं मधल्या सुट्टीत माझी नक्कल करायची आणि हुबेहूब करायची.

घरात सासूला मला टोचायला कारण शोधावं लागायचं नाही. हुरडा आला की ती पोरांना सांगायची, "आईला नका देऊ रे, तिचे दात परभणीला राहिलेत." ऊस आला की तेच, चिक्की आली की तेच. हळदी-कुंकवाला बायका जमल्या की मला मुद्दाम उखाणा घ्यायला लावायची, कारण उखाण्यात तोंड उघडावं लागतं. तिचे स्वतःचे दात लोखंडाचे होते. सुपारी अडकित्त्याशिवाय फोडायची आणि फोडताना माझ्याकडं बघायची.

दादा पंचमीला, दिवाळीला मला न्यायला यायचे. त्यांना ओसरीच्या कडेला बसवायचे, आत बोलवायचे नाहीत. "फसवून देणाऱ्याला आत कशाला," असं ती चहा गाळताना मोठ्यानं म्हणायची. दादा चहा पिऊन कप स्वतः धुऊन ठेवायचे. सासरच्या लग्नकार्यांतल्या सगळ्या पंगतींत पेडगावची माणसं शेवटी बसली. दादा गेले तेव्हा सासरचं एकच माणूस आलं, आमचे हे, आणि तेही तिसऱ्याच्या दिवशी. दादांनी कधी एका शब्दानं उत्तर दिलं नाही. मी समजत होते, त्यांच्याकडं उत्तरच नाही.

मग माझ्या मुलाचं लग्न ठरलं, मुहूर्त दीड वर्षानंतरचा. मुलीकडचे निरोप घेऊन गेले आणि त्याच संध्याकाळी सासू खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली, "आता तूच सासूबाई, तुला इडा तोडावा लागतोय. बघू काय काय बाहेर पडतंय ते." ती पंच्याऐंशीच्या पुढची, तिचेही सगळे दात गेलेले, तोंडात कवळी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते तिच्यासाठीच.

मी त्या दिवशी ठरवलं. मला दात चावायला नको होते. भाकरी कुस्करून खायची सवय झाली होती. मला त्याच माणसांसमोर विडा तोडायचा होता, एका झटक्यात, आणि तुटलेला तुकडा चावून खायचा होता. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. पन्नाशी ओलांडलेल्या बाईनं याच्यासाठी जबडा उघडून घ्यावा, हे शहाणपणाचं नाही हे मलाही कळत होतं.

परभणीतली दाताची डॉक्टर माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची होती आणि तोंडानं फटकळ. तिनं आरसा आत घातला, वास घेतला आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

"बाजारात."

"आणि तुम्ही शिकलेल्या आहात?"

मला ती लगेच आवडली. सगळ्या जबड्याचा एक्स-रे काढून तिनं दाखवला. लगद्याच्या वर जिथं हाड असायला हवं तिथं काळी पोकळी होती. बाजूचे दात मुळापर्यंत किडलेले. ती म्हणाली, आधी हे सगळं फोडून काढायचं, मेलेले दात उपटायचे, जे वाचतील त्यांची रूट कॅनाल करायची, मग हाडाची पूड भरून टाके घालायचे. हाड तयार झालं तरच त्यात स्क्रू बसवता येतील आणि स्क्रूवर दात. "वर्षाच्या वर लागेल. आणि शुगर खाली आणा, नाहीतर काहीच धरणार नाही."

लगदा फोडायला तिला सकाळभर लागली. भूल दिलेली होती, तरी डोक्यात गिरणी चालल्यासारखं होत होतं. शेवटचा तुकडा निघाला तेव्हा असा वास सुटला की हातात नळी धरलेली नर्स मागं सरकली. मी तो वास तोंडात घेऊन संसार केला होता. आमचे हे रात्री दुसऱ्या कुशीवर का वळायचे ते त्या खुर्चीत मला समजलं.

त्यानंतर कित्येक महिने माझ्या तोंडात वर मोठी खिंड होती. शाळेतून मी त्याआधीच निवृत्त झाले होते, त्यामुळं निदान पोरांची करमणूक झाली नाही. घरातली झाली. "म्हातारपणी नवरी व्हायलीस का?" सासू विचारायची. हे म्हणायचे, "कशाला एवढा कुटाणा? आता कोण बघायलंय तुझं तोंड?" मी पातळ वरणभात गिळायची, शुगर तपासायची आणि लग्नाची तारीख मोजायची. एकदा भरलेली पूड धरली नाही, टाके उसवले, पू झाला. डॉक्टरनं पुन्हा उघडलं, पुन्हा भरलं. मी खुर्चीत रडले. ती म्हणाली, "रडू नका, हलतंय सगळं."

स्क्रू बसले. त्यांच्यावर आधी कच्चे दात आले. तिनं बजावलं, समोरच्या दातांनी काही ओढायचं नाही, कणीस नाही, ऊस नाही.

"आणि विडा?"

"खा की विडा. त्यात काय."

"खायचा नाही. तोडायचा आहे."

मी तिला सगळं सांगितलं, मांडव, दात, ओटी. ती हातमोजे काढत ऐकत होती. ती काही हळहळली नाही. पुन्हा एक्स-रे काढला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "हाडानं स्क्रू धरलाय. लग्नाच्या आधी पक्के बसवून देते. पानाचा विडा तोडा खुशाल. आत काही टणक मात्र घालू देऊ नका." पक्के दात बसले त्या दिवशी मी आरशात तोंड उघडून हसले आणि मला एक अनोळखी बाई दिसली. तिचा चेहरा मला चांगलाच खुनशी वाटला.

लग्नाच्या आदल्या दुपारी सासू विडे करायला बसली. विडा मुलाच्या आईनं करायचा, म्हणजे मी. पण घरात मोठी ती, हात कापत असले तरी ताट तिच्याच पुढं. मी दोरा द्यायला गेले तर पानांच्या शेजारी खारका दिसल्या. लाकडासारख्या वाळलेल्या, बियांसकट.

"आत्याबाई, खारका कशाला?"

"चाल हाय."

"माझ्या लग्नात पण घातली होती?"

"मंग. तुझ्यात तर दोन घातल्या होत्या." ती पान पुसत होती. "तुझा बाप सांगून गेलता की दात बसवलेले हायेत म्हणून."

मी खाली बसले. "कोण सांगून गेलं होतं?"

"तुझा बाप. आमी दोघं पोखर्णीला नरसिंहाला गेलतो, तितं आला. पायरीवर बसून समदं सांगितलं त्यानं, हापसा न् काय न् काय. म्हणला, पोरगी लय गुणाची हाय, पटत असंल तर करा, न्हाईतर आत्ताच न्हाई म्हणा. निस्ता तेवढा इडा करू नका, चारचौघांत पोरीचं हसं हुईल. लय हात जोडायला होता."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणलं, बरं. न्हाई करत."

"देवाच्या पायरीवर?"

"पायरीवरच. गाभाऱ्यात थोडीच."

तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी विचारलं, कशाला केलंत मग? ती माझ्याकडं बघून नवल केल्यासारखी म्हणाली, "सून पहिल्या दिवशी दबली का जन्माची दबती. माझ्या सासूनं मला चुलीतलं लाकूड लावलं होतं. मी तर निस्ता इडा केला." आणि तिनं खारीक पानात ठेवली, गुंडाळी केली, दोऱ्यासाठी हात पुढं केला. मी दोरा दिला.

दादांनी सगळं सांगितलं होतं. आणि मांडवात सासरे फसवणूक म्हणून ओरडले तेव्हा त्यांनी टोपी काढली. 'मी सांगितलं होतं' एवढं म्हटलं असतं तर ही माणसं सगळ्यांदेखत खोटी पडली असती, आणि त्याची भरपाई त्यांनी माझ्याकडून करून घेतली असती. म्हणून तो माणूस जन्मभर ओसरीच्या कडेला बसला आणि कप धुऊन ठेवत राहिला. मला सांगितलं असतं तर मी भांडले असते, हेही त्यांना माहीत असणार. मी न्हाणीघरात जाऊन बादलीवर नळ मोठा सोडला आणि ओरडून रडले.

नंतर हे अक्षदांच्या पिशव्या मोजत बसले होते, तिथं मी गेले.

"दात खोटे आहेत हे तुम्हाला माहीत होतं?"

ह्यांनी मान वर केली नाही. "आई म्हणली होती जोरात ओढ म्हणून. गंमत असती ती."

"माहीत होतं का, तेवढं सांगा."

"आता काय त्याचं? पोराचं लगीन हाय उद्या. कशाला उकरून काढायलीस?"

मला उत्तर मिळालं.

दुसऱ्या दिवशी अक्षदा पडल्या, फोटो झाले आणि पोरींनी "विडा, विडा" असा गलका केला. पहिल्या रांगेत सासू खुर्चीत, तिच्या आजूबाजूला त्या वेळी हसलेल्या बायकांपैकी ज्या जिवंत होत्या त्या. पेडगावचे लोक नेहमीप्रमाणं मागं, आचाऱ्यांच्या जवळ, त्यांत माझा भाऊ. ह्यांनी विड्याचं एक टोक दातांत धरलं आणि वाकून उभे राहिले. टोपी, नवा कोट, ओठांतून बाहेर आलेला विडा. दुसरं टोक माझ्या तोंडासमोर.

मी पदर खाली सोडला आणि तोंड उघडलं. सगळ्यांना दात दिसले. पांढरे, एकसारखे, हाडात रोवलेले. कुणीतरी शिट्टीही मारली. मी एका झटक्यात तो विडा तोडू शकले असते, खारकेसकट, डॉक्टर काही म्हणो. एवढ्यासाठीच मी वर्षभर जबडा फोडून घेतला होता. आणि विड्याला दात लावायची वेळ आली तेव्हा मला त्याची किळस आली.

"माझ्या बापानं सांगितलं होतं," मी म्हणाले. चाळीस पोरांच्या वर्गावर कमावलेला आवाज, मागच्या रांगेपर्यंत गेला. "पोखर्णीच्या पायरीवर, लग्नाच्या आधी. पोरीचे दात बसवलेले आहेत, विडा करू नका, असे हात जोडले होते. आत्याबाईंनी हो म्हटलं आणि आत खारका घातल्या. ह्यांनाही माहीत होतं, आणि माहीत असून ह्यांनी ओढलं. पेडगावच्या माणसानं कुणाला फसवलं नव्हतं."

हे तसेच वाकलेले, विडा दातांत. तो थुंकावा की धरावा, ह्यांना ठरवता येईना. मुलगा माझा हात धरायला पुढं आला, त्याचा चेहरा रागानं लाल झाला होता. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. न बोलू दे.

"काय बोलायलीस गं, पाव्हणे हायेत," सासू म्हणाली आणि कवळी सावरायला तिनं पदर तोंडाला लावला.

मी ह्यांच्या तोंडातून विडा काढून घेतला. दोरा सोडला. आतली खारीक तांब्यातल्या पाण्यानं धुतली, सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि पहिल्या रांगेपाशी गेले.

"घ्या आत्याबाई," मी म्हणाले. "पेडगावचा आहेर." आणि ती तिच्या मांडीवर टाकली.

मग मी मागं गेले आणि भावाला हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवलं.